बापूंची वाकडी डोलकाठी

आमच्या होडीत कृष्णेचं पाणी जितकं साचायचं, तितकेच किस्से साचले. पाणी निदान उपसता यायचं!

लढाई संपल्यावर विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून ती शिडाची होडी बापू पाटलांनी घेतली. होडीवर आम्ही तिघं. एक बापू, सांगलीजवळचे ऊसवाले. दुसरा शंकर, म्हसवडचा, नेव्हीतून सुटून आलेला. तिसरा मी, शाळामास्तर.

* * *

डोलकाठी पहिल्याच दिवशी डावीकडे कललेली दिसली. शंकर छाती काढून म्हणाला, "नेव्हीचा माणूस हाय मी. सोडा माझ्यावर!" त्यानं दोन्ही बाजूंचे दोर असे आवळले की होडी करकरायला लागली. काठी तशीच!

"नेव्हीत काय काम करत हुतास रं?" बापूंनी विचारलं.

शंकरची मान खाली गेली. "भटारखान्यात हुतो. लय चपात्या लाटल्या, बापू!"

* * *

मग बापूंनी गवंड्याचा ओळंबा आणून काठीला टांगला. बापूंचं वजन दांडगं. ते बघायला वाकले की होडी कलायची, होडी कलली की ओळंबा सरकायचा.

"मास्तर, नीट धरा की!"

"बापू, ओळंबा ठीक आहे. तुम्ही उतरा!"

बापू उतरले, ते थेट पाण्यात. काठावरची माणसं पोट धरून हसली.

* * *

वाकड्या काठीमुळे होडी सारखी डावीकडे ओढायची, आणि डावीकडे बायकांचा धुण्याचा घाट! आम्ही तिघे बाप्ये शीड फडफडवत रोज तिथं हजर.

एक दिवस एका मावशींनी धुणं थांबवलं. "रोज हिकडंच कशी येती रं तुमची होडी?"

"मावशी, काठी वाकडी हाय," बापू म्हणाले.

"काठी न्हाई, नजर वाकडी हाय!"

मला तोंड कुठं लपवू असं झालं. त्या बायकांत माझ्या विद्यार्थ्यांच्या आया होत्या. दुसऱ्या दिवशी मी वर्गात नुसतं 'नदी' म्हटलं, तर सगळा वर्ग खुदखुदला!

* * *

बातमी बापूंच्या घरी पोचली. वहिनींनी बोलणं टाकलं. ताट समोर यायचं, शब्द नाही. बापू रडकुंडीला आले. "उद्या होडीत बस. घाटाकडं कशी ओढती, तुझ्या डोळ्यांनी बघ!" वहिनी तयार झाल्या.

इकडे शंकरला आपल्या फुशारकीची लाज वाटत होती. सकाळी तो एकटाच नदीवर गेला. काठीच्या शेंड्यापासून होडीच्या दोन्ही कडांपर्यंत तार धरून मापं घेतली, उजवा दोर आवळला, डावा सैल केला.

वहिनी बसल्या. शिडात वारा भरला. होडी घाटासमोरून नाकाच्या रेषेत सरळ निघून गेली! बापू घाटाकडं बघतच राहिले.

शंकर खुशीत म्हणाला, "वैनी, काठी आज सकाळीच सरळ केली!"

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "मी येणार म्हटल्यावर!"