एकतिसाव्या मजल्यावरून पायी

ह्यूस्टनच्या डाउनटाउनमधल्या आमच्या ऑफिसच्या काचा जमिनीपासून छतापर्यंत होत्या आणि त्यातली एकही उघडत नव्हती. नागपूरहून भावाचा फोन आला तेव्हा सगळ्या मीटिंग रूम भरलेल्या होत्या, म्हणून मी आग लागल्यावर वापरायच्या जिन्यात गेले.

"आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन. येतेस का?"

"बघते," मी म्हणाले. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. इथे राहायला अडचण नव्हती, पण भारतात गेले तर परत यायला लागणारा नवा व्हिसा तिथे कधी मिळेल ते कुणीच सांगत नव्हतं. मुलीची शाळा इथे, नवऱ्याचा व्हिसा माझ्या नोकरीवर. हे भावाला सांगण्याआधीच रेंज गेली.

मागे वळले तर दार लागलेलं. जिन्याच्या बाजूने ते उघडतच नाही, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. खूप थापा मारल्या, कुणी आलं नाही. मग उतरायला लागले.

अठराव्या मजल्यावर आमच्याच टीममधला एकजण मांडीवर खोका घेऊन पायरीवर बसला होता. पुण्याचा, अबोल.

"सकाळी काढलं मला," तो म्हणाला. "लिफ्टमध्ये सगळे भेटतात ना, म्हणून इथून."

"आता?"

"साठ दिवस मिळतात दुसरी नोकरी शोधायला. पण नको यार. जातो परत."

धीर मी त्याला द्यायला हवा होता. पण मीच रडायला लागले आणि आईचं, व्हिसाचं सगळं सांगून बसले. त्याने ऐकून घेतलं. मग खोका आळीपाळीने धरत आम्ही खाली उतरलो. बाहेरच्या गल्लीत दमट उकाडा अंगावर आला.

"नागपूरच्या घरचा पत्ता पाठव," तो म्हणाला.

म्हणायचं म्हणून म्हणाला असेल, असं मला वाटलं, तरी पाठवला. महिन्याभराने भर मीटिंगमध्ये त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी उठून कोपऱ्यात गेले. तो आमच्या नागपूरच्या घरात, आईच्या पलंगाशी बसला होता.

"काकू, चालून दाखवा ना हिला."

आईने वॉकर धरून चार पावलं टाकली. दमून बसली.

"हा बघ पुण्याहून आला गं. तू कधी येतेस?"

"सुट्टी बघते, आई."

त्याला खरं ठाऊक होतं. त्याने तिला पाणी दिलं.

मी नागपूरला गेले ती दीड वर्षाने. बंद दाराआड वाजलेली आईची पावलं मला ओळखू आली नाहीत.