दांडी सोडली तरी न थांबणारी खुर्ची

“जॉयस्टिक उलटी दाबली असंल म्हाताऱ्यानं,” आमचे मालक काकडे साहेब म्हणाले.

टेबलावर विजेवर चालणारी व्हीलचेअर उघडून ठेवली होती. जळक्या प्लास्टिकचा वास सगळ्या वर्कशॉपभर पसरला होता. समोर बिडकीनहून आलेला रामेश्वर उभा होता. त्याचे वडील विठ्ठलराव मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडले होते.

“नाय साहेब, मी तिथंच होतो,” रामेश्वर म्हणाला. “बाबांनी दांडी सोडली, लाल बटन दाबलं, तरी खुर्ची थांबंना. थेट हौदावर गेली.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचीच री ओढावी अशी अपेक्षा होती. चिकलठाण्याच्या या वर्कशॉपमध्ये मी नुकतीच लागले होते. खुर्चीचं डिझाइन माझ्या आधीच्या माणसाचं. मी खुर्चीतल्या जळलेल्या बोर्डला करंट तपासायचा मल्टिमीटर लावला आणि रामेश्वर खरं बोलतोय हे लगेच कळलं.

थोडं समजावून सांगते. खुर्चीची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, फक्त हुकूम देते. तिच्यातला करंट इतका किरकोळ की मोटर हलणारही नाही. बॅटरीतला जड करंट मोटरपर्यंत सोडणारा मधला बोर्ड म्हणजे मोटर ड्रायव्हर. जॉयस्टिक मुकादम, ड्रायव्हर हमाल.

या बोर्डवर करंटचा मोठा आकडा छापलेला असतो आणि माणसं त्यालाच भुलतात. हमाल जड पोतं क्षणभर उचलून दाखवेल, पण ते घेऊन दिवसभर चालणार नाही. छापलेला आकडा बऱ्याचदा त्या क्षणाचा असतो. सतत किती झेपेल ते कंपनीच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, बारीक अक्षरात असतं, आणि तेही भरपूर गार हवा मिळाली तर. आमचा बोर्ड सीटखाली बंद डब्यात, आणि वर मराठवाड्याचा उन्हाळा.

मोटर मोकळी फिरताना फार करंट घेत नाही. चाक दगडाला अडलं, चढ लागला, की तिची भूक कित्येक पटींनी वाढते. बोर्ड जळतो तो अशा वेळी. आणि त्याच्यातला करंट सोडणारा-तोडणारा ट्रान्झिस्टर जळताना पुष्कळदा करंट तोडत नाही, चालूच अडकून बसतो. मग मोटर सुसाट सुटते. दांडी सोडा नाहीतर देवाचा धावा करा. लाल बटनाची वायरही त्याच जळलेल्या बोर्डला जात होती. म्हणजे बॅटरी तोडायला कुणीच नव्हतं.

“टेस्टिंग कसं केलं होतं?” मी विचारलं.

“प्रत्येक खुर्चीपुढं नारळ फोडला अन् मी स्वतः बसून फाटकापर्यंत चक्कर मारली. एकदा पण काय झालं नाय.”

फाटकापर्यंत गुळगुळीत काँक्रीट आहे. साहेब अंगाने काडीपैलवान. दगड नाही, चढ नाही, वजन नाही. याला टेस्टिंग म्हणतात हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रामेश्वर गेल्यावर मी म्हणाले, “बाकीच्या सगळ्या खुर्च्या आजच बंद करायला सांगा.”

“बोभाटा नका करू, कुलकर्णी मॅडम. नवीन बोर्ड मागवू, मग एकेक बघू.”

“आणि तोवर?”

“तोवर तुम्हाला इथं नोकरी करायची का नाय, ते ठरवा.”

मी गिऱ्हाइकांची यादी आणि फोन घेऊन बसले. बाकीच्यांनी शिव्या घातल्या, पण खुर्ची बंद ठेवली. पडेगावच्या मंदाताई तेवढ्या म्हणाल्या, “मी नाय बंद करत.” म्हणून मी त्यांच्या घरी गेले.

मंदाताईंचं अपघातानंतर कमरेखालचं अंग गेलेलं. दौलताबाद रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान भाड्याने घेऊन त्या ते चालवत. घरापासून रस्त्यापर्यंत मुरमाचा तीव्र उतार, आणि खाली ट्रक धावत होते.

“दांडी सोडली की थांबती ती,” मंदाताई म्हणाल्या. “मला तर कधी दगा नाय दिला.”

“बोर्ड जळेपर्यंत देणार नाही, ताई. जळला की थेट ट्रकखाली.”

“मग बॅटरी तोडायचा खटका बसवा. मी हात त्याच्यावरच ठेवीन.”

बाईंना नेमकं सुचलं होतं. सपाटीवर तेवढं पुरलं असतं. पण या खुर्चीला वेगळा ब्रेक नव्हता; दांडी सोडल्यावर बोर्डच मोटरला रोखून धरायचा. करंट तोडला की उतारावर चाकं मोकळी. हे मी त्यांना सांगितलं.

“मॅडम, ही खुर्ची यायच्या आधी पाणी प्यायला पण हाक मारावी लागायची मला. आता लई दिवसांनी माणसात आले. तुम्ही मला परत खाटेवर टाकायला आल्या का?”

“हो,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्यांच्या दिराने त्यांना उचलून खाटेवर ठेवलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी बॅटरीचा कनेक्टर काढला आणि खुर्ची टेम्पोत चढवली.

साहेबांनी मला काढलं नाही, पण नवीन बोर्ड मागवायला चालढकल केली. रामेश्वर पोलिसांत जायला निघाला तेव्हा कुठे ऑर्डर गेली. या वेळी अडलेल्या मोटरचा करंटही सतत झेपेल असा ड्रायव्हर घेतला. करंट गेला की आपोआप आवळणारा ब्रेक बसवला. लाल बटन थेट बॅटरी तोडेल अशी जोडणी केली. या सगळ्याला दिवाळी उजाडली. विठ्ठलराव दवाखान्यातून घरी आले होते, पण अंथरुणातून पुन्हा उठले नाहीत. दिवाळीआधीच गेले.

मंदाताईंची खुर्ची मी स्वतः नेऊन दिली. त्यांनी उताराच्या मध्यावर दांडी सोडली. खुर्ची जागच्या जागी उभी राहिली.

“चांगली थांबती,” त्या म्हणाल्या. “पण दुकान बंद बघून मालकानं गाळा दुसऱ्याला दिला. आता हिच्यावर बसून जाऊ कुठं?”

चार्जिंग कसं करायचं ते सांगून मी निघाले.

ड्रायव्हर निवडायचा तर मोटर अडवून, चढावर, माणूस बसवून करंट मोजायचा. हे खुर्ची विकायच्या आधी करायचं असतं. नंतर केलं तर खुर्ची दुरुस्त होते, एवढंच.