बांधात रोवलेली कुदळ

तमाम जनहो, पानाची पिचकारी आवरा आणि कान द्या! जत तालुक्यातल्या आमच्या गावाने एका डच सरदार घराण्याला भर दुपारी पेचात टाकलं, आणि या ऐतिहासिक प्रसंगी दुभाष्या म्हणून प्रस्तुत लेखक जातीने हजर होता.

मी साताऱ्यात इंग्रजी शिकवतो, एवढ्याच गुन्ह्यासाठी माझ्या थोरल्या वहिनींनी मला बोलावून घेतलं होतं. त्या गावच्या सरपंच. आमच्या तलावाचा बांध गळतो, थंडी सरायच्या आत तळ दिसतो आणि टँकर सुरू होतात. गाव बघायला आलेल्या डच पाहुण्यांच्या घराण्याचा ट्रस्ट दुरुस्ती करून देईल, अशी आशा होती.

"भावजी, त्यांच्या तोंडून हो आल्याबिगर त्यास्नी सोडायचं न्हाई," वहिनींनी बजावलं.

पाहुणे सत्तरीचे आणि ताडमाड. फेटा बांधल्यावर मांडवाला टेकले. माझ्या चुलत्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "सरदार म्हंजे इनाम किती गावं?"

पाहुणे म्हणाले, एकही नाही. वडील तेवढे नगराध्यक्ष होते, बाकी आजोबा आणि पणजोबा सरकारी बांधांचे प्रमुख. पिढ्यान् पिढ्या एकच चाकरी: समुद्राला शेतात शिरू द्यायचं नाही, आणि साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकायचं.

"पाणी भाईर टाकत्यात?" चुलते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू ते मीच टाकलं. "नीट इचार रं. तुजं इंग्रजी कच्चं हाय."

मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच. आता मलाही माझ्या इंग्रजीचा संशय यायला लागला.

शेवटी सगळे बांधावर गेलो. वहिनींनी कुदळीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, कुदळ बांधात मारली आणि फोटोसाठी तशीच रोवून ठेवली. टाळ्या पडल्या. पाहुण्यांचा चेहरा मात्र पार उतरला.

"तुम्ही गाव सोडून निघालात?" त्यांनी हळूच विचारलं.

मी चक्रावलो. मग त्यांनीच उलगडा केला. त्यांच्याकडे पूर्वी ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणं झेपत नसे, तो बांधात खोरं रोवून निघून जाई. ते जो उपटेल त्याची ती जमीन, आणि बांध राखायची जबाबदारीही त्याचीच. त्यांच्या एका पूर्वजाने असंच खोरं उपटलं, तिथून घराण्याची चाकरी सुरू झाली.

मी हे मोठ्याने मराठीत सांगितलं. वहिनींनी क्षणभर कुदळीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"मग वाट कसली बघताय भावजी? उपटा म्हणावं त्यास्नी!"

मी सांगितलं. पाहुणे खो खो हसले, घसरलेला फेटा वर सारला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कुदळ उपटली. वहिनींनी हात जोडले. आणि बांधाला लागून ज्यांचं रान, ते माझे चुलते गर्दीतून वाट काढत ओरडले,

"आवं सायेब, बांध घ्या, तलाव घ्या, पर रान माजं हाय!"