टेपमास्तर

वेल्डरच्या मेहुण्याला सगळे टेपमास्तर म्हणत. हे नाव त्याला दोनदा मिळालं. पहिल्यांदा मिळालं तेव्हा तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होता. कॅसेटची अडकलेली फीत न तोडता सोडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसऱ्यांदा मिळालं ते काळ्या चिकटपट्टीमुळे. पंख्याची वायर उघडी पडली, लाव टेप. नळ गळतो, लाव टेप. चपलेचा अंगठा निघाला, चष्म्याची काडी मोडली, लाव टेप. लोकांनी नाव बदललं नाही, अर्थ तेवढा बदलला.

कॅसेटी गेल्या आणि दुकान बंद पडलं, त्यात त्याचा दोष नव्हता. दोष सुरू झाला तो नंतर. जुन्या मालकाने सांगितलं, मोबाइलचं काम शिकून घे. टेपमास्तर म्हणाला, बारीक काम आहे, डोळे जातात. मग गॅरेजमध्ये लागला. तिथे वाकावं लागायचं. लिफ्टच्या कंपनीत लागला. तिथे चढावं लागायचं. शोरूममध्ये उभं राहावं लागायचं. शेवटी बसून करायचं काम मिळालं, वॉचमनचं, तर तिथे जागं राहावं लागायचं. नोकरी सोडून आला की त्याचं वाक्य ठरलेलं असे.

"तिथे डोक्याला किंमत नाही."

"डोक्याला किंमत असते रे," वेल्डर एकदा म्हणाला होता, "पण ते उचलून कामापर्यंत न्यावं लागतं."

टेपमास्तर मनापासून हसला होता. टोमणा लागण्यासाठीसुद्धा माणसाला थोडं पुढे यावं लागतं. तो तेवढंही येत नसे.

वॉचमनची नोकरी सुटल्यावर तो बहिणीकडे चार दिवस राहायला आला आणि राहिलाच. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर त्याच्या अंगाचा खळगा पडला. बहीण त्याच्याहून मोठी. आई लवकर गेली, म्हणून तिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. आता ती अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची आंघोळ, मलमपट्टी, कूस बदलणं अशी कामं करी. सकाळी जुनी गाडी घेऊन निघाली की घरोघर फिरून दुपार टळल्यावर परते. तिच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की टेपमास्तर उठून बसे आणि म्हणे, "ताई, चहा टाकणारच असशील तर माझाही टाक."

घराखाली वेल्डरचा गाळा होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्याने काम सोडलं होतं, पण गाळा सोडला नव्हता. अधूनमधून मागच्या दाराने आत जाऊन झाडून येई. त्या गाळ्यातून फाटकं गेली, जिने गेले, खिडक्यांच्या जाळ्या गेल्या, आणि गेलेला एकही जोड सुटला म्हणून परत आला नाही. वेल्डरच्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढंच होतं आणि त्याला ते पुरेसं वाटे.

बायकोच्या मनात मात्र त्या गाळ्यात भावाला बसवायचं होतं. विजेच्या सामानाचं दुकान, जोडीला दुरुस्ती.

"गाळा नुसता पडून आहे हो."

"पडून तर तुझा भाऊही आहे. गाळ्याला निदान मी तेलपाणी करतो, गंज चढू देत नाही."

"त्याला कधी कोणी नीट शिकवलंच नाही. येत नाही, म्हणून तो टाळतो. एकदा जम बसला की बघा."

हे ती इतकं मनापासून म्हणे की वेल्डर विचारात पडे. येत नाही म्हणून टाळणारी माणसं त्याने पाहिली होती. असे किती तरी हात त्याने स्वतः वळवले होते. मेहुणा त्यातला असेल तर प्रश्न वेगळा. पण त्या शटरखालून चिकटपट्टीचं काम बाहेर पडणार, ही कल्पना त्याला घास लागल्यासारखी लागे. बायकोला नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हटलं तर हयातभराच्या कामावर पाणी.

वाट गाडीनेच दाखवली. मुलीने आईला एक छोटं गाणी वाजवायचं यंत्र दिलं होतं, काडेपेटीएवढं, पोटात शेकडो गाणी. जुन्या गाडीच्या सेटला ते जोडायची सोयच नव्हती. सेट गाडीबरोबर कंपनीतून आलेला, त्याला रेडिओ आणि कॅसेट एवढंच ठाऊक. म्हणून बायको एका कानात इयरफोनचं बोंडूक घालून गाडी चालवी. मागून वाजवलेला हॉर्न तिला ऐकू येत नसे.

वेल्डरने मेहुण्याला दिवाणावरून उठवलं.

"हे यंत्र गाडीच्या सेटला जोडून दे. नीट. मला त्याला पुन्हा हात लावावा लागला नाही, तर गाळ्याची किल्ली तुझी."

बायकोने भावाकडे असं पाहिलं, जसं लहानपणी त्याला शाळेच्या फाटकाशी सोडताना पाहिलं असेल.

"हातचा मळ आहे, भाऊजी," टेपमास्तर म्हणाला.

त्याने आधी एक डबी आणली. ती सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायची. यंत्रातलं गाणं ती रेडिओच्या लहरीवर सोडते आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. घरासमोर उभ्या गाडीत छान वाजलं. बायकोचा चेहरा फुलला. दुसऱ्या दिवशी ती मोठ्या इमारतींच्या बाजूला गेली आणि तिथे त्याच लहरीवर खरं स्टेशन निघालं. गाणं विरहाचं, आणि ऐन आर्त जागी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात.

"त्या भागातून जाऊ नकोस ना, ताई."

"अरे, माझे पेशंट तिथेच राहतात."

"मग तेवढा वेळ बंद ठेवायचं."

"तेल चांगलं असेल तर नाव विचारून ये," वेल्डर म्हणाला. "माझ्या गुडघ्यांना उपयोगी पडेल."

मग एक खोटी कॅसेट आली. पोटात फीत नाही, पण शेपटीसारखी वायर. ती सेटमध्ये सरकवायची आणि शेपूट यंत्राला जोडायचं. चीज वाईट नव्हती. पण म्हाताऱ्या सेटला वाटे की फीत संपली. तो बाजू बदलायला जाई, ती सापडत नसे, मग खटक करून कॅसेट बाहेर फेकी. टेपमास्तरने थोडा विचार केला आणि सेटच्या तोंडावर काळी पट्टी मारली. कॅसेट बाहेर पडायची बंद झाली. सेट आतल्या आत डोकं आपटत राहिला. खटक. खटक.

"गाणं कमी, खटखट जास्त," बायको म्हणाली, पण हळूच, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

"ताल समज," टेपमास्तर म्हणाला.

तोंडाला पट्टी मारलेला सेट वेल्डरने एकदाच पाहिला आणि गाडीचं दार लावून घेतलं. तोंड दाबून मार खाणाऱ्या माणसासारखं दिसत होतं ते. शिकतोय, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस तीनदा चुकतो आणि चौथ्यांदा त्याचा हात बसतो. त्याचा स्वतःचाही तसाच बसला होता.

तिसऱ्या वेळी टेपमास्तरने सेटचा नादच सोडला. बॅटरीवर चालणारा छोटा गोल स्पीकर आणला, यंत्र त्याला जोडलं आणि दोन्ही डॅशबोर्डवर टेपने चिकटवून टाकली. वाजायला लागलं. चांगलं वाजायला लागलं. "झालं," तो म्हणाला आणि आडवा झाला.

उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद पातळ झाला. बायको उताराच्या रस्त्याने येत असताना स्पीकर सुटला, तिच्या पायाशी पडला आणि घरंगळत ब्रेकखाली गेला. ब्रेक अर्ध्यापुढे दाबला जाईना. पुढे शाळा सुटलेली. तिने हँडब्रेक ओढला, गाडी फुटपाथच्या कडेला घासली आणि थांबली. कोणाला काही झालं नाही. घरी आल्यावर ती गाडीतून उतरेना. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. वेल्डरने दार उघडून तिला बाहेर घेतलं, आत आणलं, पाणी दिलं.

टेपमास्तर उठून बसला. सगळं ऐकून म्हणाला, "ऊन फार होतं आज. दोन पट्ट्या जास्त मारायला हव्या होत्या."

वेल्डरच्या तोंडावर आलेलं त्याने गिळलं. बायको समोर होती. तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "हे बघ. तुला जमत नाही यात लाज नाही. गॅरेजवाल्याला विचारू, सेटला वायर कुठून जोडतात ते. तो दाखवेल, तू शिकून घे."

"त्याला काय विचारायचं?" टेपमास्तरला प्रथमच थोडं लागलेलं दिसलं. "सेटच्या मागे एक रिकामं सॉकेट असतं. डिक्कीत सीडीचा डबा बसवणाऱ्यांसाठी कंपनीने ठेवलेलं. आपल्या गाडीत तो डबा नाही, म्हणून ते तसंच पडलंय. त्यातल्या तीन पिना आपल्या कामाच्या. डावा आवाज, उजवा आवाज आणि अर्थिंग. त्यांना बारीक वायर सोल्डर करायची, सामान ठेवायच्या कप्प्यामागून फिरवून बाहेर काढायची, टोकाला यंत्राची पिन. मग सेटचं बटण दाबून धरायचं. तो विचारतो, डबा जोडलाय का, आपण हो म्हणायचं. स्वच्छ आवाज. खरखर नाही, खटखट नाही, टेप नाही."

बायकोने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हे तुला कधी कळलं?" बायकोने विचारलं.

"कळायचं काय त्यात? सेट बघितला तेव्हाच कळलं. असे किती तरी सेट हाताखालून गेलेत माझ्या."

"मग केलं का नाहीस?"

"अगं, सेट बाहेर ओढायचा, डॅशबोर्डखाली आडवं पडायचं, मान वाकडी करून हात आत घालायचा. अख्खा दिवस जातो, ताई. आणि शेवटी गाणं तेच ना?"

वेल्डर खुर्चीत बसला. इतके दिवस तो या माणसाला ठोंब्या समजत आला होता, आणि ठोंब्या समजून त्याच्याशी मऊ वागत आला होता. ठोंब्याला माफी असते. त्याला शिकवता येतं, थांबता येतं, चौथ्या खेपेची वाट बघता येते. ज्याला सगळं येतं आणि जो तरीही करत नाही, त्याला शिकवायचं काय? आडवं कसं पडायचं ते? त्यात तर तो पारंगत होता.

बायको उठली.

"रविवारी तू बाहेर खुर्ची टाकून बस," ती भावाला म्हणाली. "तू सांग. मी करते."

रविवारी टेपमास्तर खुर्चीवर बसला. दिवाणावरून खुर्चीपर्यंत येणं एवढे श्रम त्याने घेतले. वेल्डरने सायकलच्या चाकाचे जुने आरे वाकवून दोन आकडे करून दिले. ते सेटच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत घातल्यावर आतल्या पट्ट्या सुटल्या आणि सेट सरकत बाहेर आला. मागे सॉकेट होतं. सांगितलं तसंच, रिकामं, धूळ खात बसलेलं.

"बॅटरीची वायर काढू नकोस हं," टेपमास्तर चहाचा कप घेऊन म्हणाला. "काढलीस तर सेटला वाटेल चोरी झाली, आणि तो कोड मागत बसेल. नुसती किल्ली बंद ठेव."

बरोबर होतं.

"भाऊजी, अर्थिंग बॉडीवरून घेऊ नका. शिट्टी येईल. सॉकेटातलीच पिन घ्या."

तेही बरोबर होतं. वेल्डरने ओट्यावर बसून सोल्डर मारला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. त्याला खाली वाकता येत नव्हतं, म्हणून बायको गाडीत आडवी झाली. डोकं पायदानाशी, पाय दाराबाहेर. हात कप्प्याच्या मागे कोपरापर्यंत गेला.

"डावीकडे पत्रा आहे, ताई, जपून. धारदार असतो."

हेही बरोबरच होतं. पण ते त्याने पत्रा लागल्यानंतर सांगितलं. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडा उठला. तिने वायर बाहेर काढली, पिन बसवली, सेट आत ढकलला, कप्प्याचे स्क्रू आवळले, बटण दाबून धरलं. सेटने विचारलं, तिने हो म्हटलं.

आणि गाणं लागलं. गाडी सुरू केली, अॅक्सिलरेटर दाबला, तरी शिट्टी नाही, खरखर नाही. गाणारी बाई मागच्या सीटवर येऊन बसल्यासारखी वाटली. वेल्डरने मान हलवली. हे काम शटरखालून बाहेर पाठवण्यासारखं होतं.

"बघा," टेपमास्तर खुर्चीतून म्हणाला. "म्हटलं होतं ना, स्वच्छ येईल."

वेल्डरने बायकोकडे पाहिलं. हाताच्या ओरखड्यावर रक्ताचे बारीक मणी आले होते आणि केसांत गाडीची धूळ होती. अट मोडली होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण तिने आईवेगळं पोर सांभाळलं होतं, आणि आयुष्यभर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्याने खिशातून गाळ्याची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. द्यायची असेल तर तू दे.

तिने किल्लीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"ठेवा ती आत," ती म्हणाली.

"तुला हवं होतं ना?"

"हवं होतं. पण उद्यापासून शटर मलाच वर करावं लागेल. हा खुर्चीत बसून सांगेल, कुठे धरायचं ते."

वेल्डरने किल्ली खिशात टाकली. त्याला वाटलं होतं, मेहुणा निदान आता काही तरी बोलेल. चिडेल, रडेल, बॅग भरायला घेईल. टेपमास्तरने उरलेला चहा संपवला, कप खुर्चीखाली ठेवला आणि उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्याचं समाधान होतं.

"मी म्हणणारच होतो, ताई," तो म्हणाला. "ते शटर फार जड आहे. बघितलंय मी, त्याची स्प्रिंग सैल झालीय. ती ताणायची म्हणजे शिडी लावा, वर चढा, दोघं जण पाहिजेत. कोण करणार?"

तो आत गेला. दिवाण करकरला.

बायको नळाखाली हात धरून उभी राहिली. वेल्डर काठी टेकत गाळ्यासमोर जाऊन थांबला आणि शटर थोडं वर उचलून पाहिलं.

स्प्रिंग खरंच सैल झाली होती.