औंढ्याचा अंबाजी आणि बंगल्यांची सावड

१ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर 'डेक्कन क्वीन' धावू लागली. त्या दिवशी जवळच्याच औंढे गावचा अंबाजी खंडाळ्यातल्या एका बंगल्याच्या छपरावर कौले चाळत होता, असे त्याच्या घरचे सांगतात. ते पडताळता येत नाही. पाऊस तोंडावर असताना तो दुसरीकडे कुठे असणार, एवढेच म्हणता येते.

शाकारणीचे, म्हणजे पावसाआधी छपराची कौले नीट करण्याचे, काम वैशाख-ज्येष्ठातच निघे आणि सगळ्या बंगल्यांना ते एकदमच हवे असे. एकटा अंबाजी पुरा पडत नसे. मग मालकाला तो दुसऱ्या कोणाचे तरी नाव सांगे आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे दलाली, घेत नसे. भातलावणीला गावात सावड चाले. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. बंगल्यांचेही तसेच, असे त्याने मनाशी धरले होते. शिवाय त्याचा एक नेम होता. "आपलं नाव आपल्या तोंडानं सांगायचं न्हाई. दुसऱ्यानं सांगितलं तरच त्याला वजन."

कैक वर्षे हे चांगले चालले. ज्यांची नावे तो सांगे, ते त्याचे नाव सांगत. शेजारच्या वलवण गावच्या कोंडाजीला पहिला बंगला त्यानेच मिळवून दिला. कोंडाजीजवळ तेव्हा शिडीसुद्धा नव्हती. तीही अंबाजीचीच गेली.

१९३४ च्या उन्हाळ्यात अंबाजी छपरावरून पडला, कमरेतून अधू झाला आणि त्याचे बंगले दुसऱ्यांकडे गेले. धाकटा भाऊ नथू त्याच्या हाताखाली तयार झाला होता. त्याला एक बंगला मिळाला तर धंदा घरात टिकणार होता, नाहीतर नथू मुंबईची वाट धरणार होता. अंबाजी काठी टेकत वलवणला गेला.

"या आबा! शिडी न्यायला आलासा व्हय?" कोंडाजी हसला.

"शिडी ऱ्हाऊ दे. नथूचं नाव सांग कुटंतरी."

"सांगतो की. पर सायेब इचारत्यात, पडला त्योच का अंबाजी?"

"पडलो मी. नथू न्हाई पडला."

"व्हय, व्हय. बगू."

त्या वर्षी नथूला काहीच काम आले नाही. पुढच्या वैशाखात तळेगावचे गंगाधरपंत औंढ्याला आले. त्यांनी खंडाळ्यात बंगला घेतला होता.

"अंबाजी, तुझा शब्द खरा असतो म्हणतात. छपराला माणूस सांग."

नथू समोर गोठ्यात होता. अंबाजीची बायको मुक्ताबाई दाराशी थबकली. नथूचे नाव अंबाजीच्या ओठापर्यंत आले. पण भावाचे नाव म्हणजे आपलेच नाव. त्याने ते गिळले.

"वलवणचा कोंडाजी. काम चोख हाय त्याचं. त्याला म्हनावं, अंबाजीनं धाडलंय."

पंत गेल्यावर मुक्ताबाई कडाडली, "तोंडाला टाळं लागलंवतं का वो? शिडीबी त्यालाच, बंगलाबी त्यालाच! आता मलाबी धाडा तिकडं कौलं द्यायला!"

"गप. आता त्यो नथूचं नाव सांगंल. आता त्याच्यावर आलंय."

कोंडाजीने बंगला शाकारला. वलवणहून निरोप आला नाही. ज्येष्ठ सरताना नथू मुंबईला गिरणीत गेला आणि शाकारणी त्या घरातून उठली. पुढे सणावारालाही नथू थोरल्याशी मोजकेच बोले. अंबाजी १९४१ मध्ये वारला. कोंडाजीच्या घरी सांगतात, की त्याने धंदा एकट्याच्या हिमतीवर उभा केला.

कोणी धाडले, हे पंतांनी कोंडाजीला सांगितले होते की नाही, ते कळलेले नाही. विचारावे असे दोघांपैकी कोणी उरलेले नाही. अंबाजीला ते विचारता आले असते. त्याने विचारले नाही. का, तेही माहीत नाही.