येणाऱ्या मशीनची खबर

ती घटना आठवली की आजही माझे पाय खुर्चीखाली हलू लागतात. माझा स्वभाव मुळातच बसून राहण्याचा नाही, आणि त्या प्रकरणाने तर मला धड बसूच दिले नाही. यात कोणाचेही नाव लिहीत नाही. मेहकरात ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे.

मी तेव्हा मेहकरचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती आणि रात्रपाळीचा जमादार घरी जायच्या घाईत होता. तेवढ्यात डोणगावच्या एक बाई अर्ज घेऊन आल्या. त्या शिवणक्लास चालवायच्या. यजमान शाळेत मास्तर होते, ते वारले होते. बसस्टँडजवळ टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी आपला जुना कॉम्प्युटर नेला आणि आता परत देत नाहीत, असा अर्ज होता.

तो कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीला जोडायचा एक जाड कीबोर्ड. त्याचे प्रोग्रॅम कॅसेटवर असायचे. मास्तरांनी स्वतः एक प्रोग्रॅम तयार केला होता. बाईंचे नाव टाइप केले की पडद्यावर एकेक पाकळी उमटत पूर्ण फूल व्हायचे. पुढे मशीन बिघडली, मास्तर गेले आणि फूल कॅसेटमध्येच राहिले.

"चाचा म्हणे नवी मशीन येऊन राह्यली," बाई म्हणाल्या. "दिसाले जुन्यासारखीच, जुन्या कॅसेटीबी चालतीन तिच्यावर. जुनी जमा करा, तुमचा नंबर पयला लागते. मी मशीन देली, कॅसेटबी देली. आता लोक म्हणतेत त्यानं सारं बाहेर विकून टाकलं. मले बाकी काही नाही पायजे साहेब. ते फूल पायजे."

मी बीट जमादाराला बाजारात पाठवले. त्याने आणलेली माहिती ऐकून डोके फिरायची वेळ आली. आसपासच्या गावांतून बऱ्याच जणांनी अशी जुनी मशीन चाचांकडे दिली होती. कंपनी परदेशी होती आणि मोबाईलच्या ग्रुपवर रोज नवी खबर यायची. आधी दिवाळी, मग नवीन वर्ष, मग उन्हाळा. कोणी म्हणे कॅसेट चालेल, कोणी म्हणे नाही. आणि सगळ्यात ताजी खबर अशी की चाचा लुटारू आहे. दुकानासमोर पोरे जमू लागली होती. चार दिवसांपूर्वी ज्याच्याकडून कूलर दुरुस्त करून घेतला, त्याचा धर्म त्यांना आता अचानक दिसू लागला होता. गुन्हा खरा असेल तर चाचा कोठडीत जाणार होते. खोटा असेल तर तसे सिद्ध होईपर्यंत दुकान शाबूत राहील का, याची मला खात्री नव्हती.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, चाचाचा माल जाऊन राह्यला. टेम्पो भरला, जालना रोडनं."

चहा तसाच टाकून निघालो. सुलतानपूरच्या अलीकडे टेम्पो अडवला, पंच बोलावले, खोकी उघडली. आत कूलरच्या जुन्या मोटारी आणि गवताच्या जाळ्या निघाल्या. ड्रायव्हर भेदरून माझ्याकडे पाहत होता. मी खबऱ्याला फोन लावला.

"तू डोळ्यांनी पाहिलं का बे?"

"नाही साहेब. स्टँडवर सारेच म्हणून राह्यले होते."

त्याला काय बोललो ते छापण्यासारखे नाही. परत आल्याबरोबर चाचांना ठाण्यात बोलावून घेतले.

खोटे बोलणारा माणूस ठाण्यात दाराकडे बघतो, नाहीतर घड्याळाकडे. चाचा वर पंख्याकडे बघत होते. "साहेब, याची बेअरिंग गेली," ते म्हणाले. माझा राग तिथेच निम्मा उतरला, पण चेहरा मी तसाच ठेवला.

"मशिनी कुठे आहेत?"

"माळ्यावर. घरवालीच्या जुन्या ओढण्यांत बांधून ठेवल्या, धूळ नको म्हणून."

जमादार जाऊन पाहून आला. सगळ्या तिथेच होत्या, बाईंचीही, कॅसेटसकट.

"मग लोकांकडून घेतल्या कशाला? नवी येणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डोणगाववरून पक्की खबर होती साहेब. एजन्सी मलेच भेटणार म्हणे."

आता माझ्याकडे एकच काम उरले होते. चाचांना बाकाच्या एका टोकाला बसवले आणि ज्याने त्यांना खबर दिली त्या डोणगावच्या माणसाला आणायला गाडी पाठवली. त्याचे मोबाईल रिचार्जचे दुकान होते. त्याला सुलतानपूरच्या हार्डवेअरवाल्याने सांगितले होते. हार्डवेअरवाला आला. त्याला सुटे भाग पोचवणाऱ्या सेल्समनने सांगितले होते. सेल्समन मेहकरातच सापडला. बाक भरत गेला तशी माझी येरझार वाढत गेली.

"तुला कोणी सांगितलं?" मी सेल्समनला विचारले.

तो बाकाच्या पहिल्या टोकाकडे बघू लागला.

"चाचा, तुमीच तं म्हणाले होते," तो हळूच म्हणाला. "कंपनी विचार करून राह्यली, दिवाळीपर्यंत आली तं बरं होईन."

दुकानात सहज बोललेला एक शब्द सेल्समनबरोबर सुलतानपूरला गेला, डोणगावला पक्का झाला आणि एजन्सी घेऊन चाचांकडे परत आला. स्वतःचीच आशा त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आली आणि ती त्यांना बातमी वाटली. तारीख बदलायची तीही याच वाटेने. चाचांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. मला त्यांची फार दया आली.

सगळ्यांचे जबाब घेतले. मग ठाण्याबाहेर जमलेल्या लोकांपुढे मी स्वतः उभा राहिलो. कंपनी विचार करते आहे, मशीन अजून निघालेली नाही, आपापली जुनी घेऊन जा, असे स्पष्ट सांगितले. लोक माळ्यावरून मशिनी उतरवून घेऊन गेले. बाईंनी मात्र अर्ज मागे घेतला आणि मशीन तिथेच ठेवली. "घरी नेऊन काय करू? नवी आली तं चाचाकडंच येईन ना," असे त्या म्हणाल्या.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी खबर आणणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. तुला कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी सांगितलं? बहुतेक खबरा दुसऱ्या प्रश्नालाच गळून पडायच्या.

निवृत्तीनंतर परवा मेहकरला गेलो होतो. स्टँडवर चहा पिताना शेजारचा एक अनोळखी माणूस मित्राला सांगत होता, "ते जुन्या कॅसेटीवालं कॉम्प्युटर येऊन राह्यलं. एकदम पक्की खबर. ठाणेदार साहेबानं सोता सांगतलं होतं, ठाण्यासमोर उभं राहून."

मला बसवेना. चाचांच्या दुकानात गेलो. ओढणीत बांधलेली बाईंची मशीन फळीवर समोरच दिसत होती. चाचांनी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली.

"बाई मागच्याच बाजाराले येऊन गेल्या," ते म्हणाले. "काही खबर हाय का साहेब?"

"नाही," मी म्हणालो. खरे तेच होते, पण ते सांगताना मला त्यांच्याकडे बघवले नाही.