गॅलियमचा घट्ट गुंडा

कुशाबाई आमच्या दौंडच्या ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होत्या आणि गेली नऊ वर्षं तात्पुरत्या होत्या. इतकी वर्षं तात्पुरतं राहायलाही चिकाटी लागते. मी तिथं केमिस्ट्री शिकवायचे.

१९९८च्या डिसेंबरात संस्थेची समिती तपासणीला येणार होती. प्राचार्य साहेबराव सरांनी जाहीर करून टाकलं, "प्रयोगशाळा समितीला आवडली तर कुशाबाईंचं नाव कायमसाठी पाठवतो." शिवाय भिंतीवर आवर्त सारणी हवी, तीही उठून दिसणारी, आणि खर्च शून्य.

कुशाबाई भांडगावच्या, मेंढपाळांच्या घरातल्या. आता घरी शेती आणि चार-दोन मेंढरं, पण हातातली टकळी सुटली नव्हती. "अणू गोलच असतो न्हवं? मग लोकरीचे गुंडे करते," त्या म्हणाल्या. मी हिशेब घालून दिला. दोन्ही हात पसरले की जी लांबी होते ती एक वाव. ज्या अणूत जितके इलेक्ट्रॉन, तितके वाव सूत, आणि गुंड्याचा आकार पुस्तकातल्या अणूच्या मापाच्या प्रमाणात.

अॅल्युमिनियम त्यांना बिलकूल पटलं नाही. "तेरा वाव सुताचा एवढा फुगीर गुंडा? मॅडम, तळेगावच्या बाजारात गिऱ्हाईक अंगठ्यानं दाबून बघतंय आन् तोंडावर फेकतंय!" ढिलं गुंडाळून माल मोठा दाखवणं म्हणजे त्यांच्या घरात चोरीच. पुस्तकात तसंच आहे म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडत केला. त्याच्या खालचं गॅलियम मात्र त्यांनी मन लावून गुंडाळलं. एकतीस वाव सूत, आणि गुंडा अॅल्युमिनियमपेक्षा जरा लहानच. असा आवळलेला की दगडच.

समिती यायच्या आदल्या दिवशी साहेबराव सर बघायला आले. बावीस वर्षं ते एकच वाक्य शिकवत आले होते: खाली जाल तसा अणू मोठा. सारणीत एक ओळ खाली गेलं की इलेक्ट्रॉनांचा एक थर वाढतो, म्हणून मोठा. गॅलियमपाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे लहान कसं? अडाणी माणसाला काम दिलं की असं होतं."

"मॅडमनी माप दिलं, त्या मापानं केलं सर," कुशाबाई म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. पुस्तक माझ्या हातात होतं. मी खिडकीबाहेरचं बाभळीचं झाड फार लक्ष देऊन पाहिलं.

"उद्यापर्यंत ढिला करून मोठा करा. कायम व्हायचंय ना?"

"पुस्तकात व्हतं म्हून एक ढिल्ला केला," कुशाबाई म्हणाल्या, "पुस्तकात न्हाई तर दुसरा कशापायी करू?"

सर पाय आपटत निघून गेले. दुसऱ्या दिवशी गॅलियम होतं तेवढंच होतं.

समितीत पुण्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, सुषमाताई. त्या भिंतीकडं वळताच सर घाईघाईनं म्हणाले, "तो एक गोळा चुकलाय, आमच्या परिचरानं..." कुशाबाईंनी दोन्ही गुंडे काढून ताईंच्या हातात दिले.

"दाबून बघा ताई. खालच्यात सूत ज्यास्त हाय, पर आवळलाय. म्हून ल्हान."

ताईंनी अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि त्या खळखळून हसल्या. "अगदी बरोबर! अॅल्युमिनियम आणि गॅलियम यांच्यामध्ये नेहमीच्या आठांशिवाय दहा जास्तीचे इलेक्ट्रॉन येतात, पण ते धड आडोसा करत नाहीत. मग केंद्रक बाहेरच्यांना आत ओढून घेतं. बहुतेक जण इथंच चुकतात."

"मीच सांगितलं होतं त्यांना," साहेबराव सर म्हणाले. बावीस वर्षांचं वाक्य त्यांनी अर्ध्या मिनिटात गिळलं, ढेकरही न देता.

जूनमध्ये कुशाबाईंची कायमची ऑर्डर आली. त्या दिवशीही त्या परीक्षानळ्याच धूत होत्या. मी अभिनंदन केलं. त्यांनी हात पुसले.

"मॅडम, एक इचारू? पुस्तक तर तुमच्या हातात व्हतं. मग त्या दिशी तुमी का बोलला न्हाईत?"

"माझी नोकरी तासांवरची आहे, मावशी. बोलले असते तर गेली असती."

कुशाबाईंनी पुढची नळी उचलली.

"आन् माझी काय तवा कायमची व्हती?"